चौदा पाऊण साडेदहा

समुद्रकिनाऱ्यावर तंबूत राहायचं तर रात्र कोणती निवडावी, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मुलांना आकाशभर चांदण्या हव्या होत्या, म्हणजे रात्र अमावास्येच्या आसपासची हवी. पण अमावास्या-पौर्णिमेलाच समुद्राला उधाण येतं, पाणी सर्वांत वर तेव्हाच चढतं. अष्टमीच्या भांगाला पाणी सौम्य असतं, पण मग अर्धी रात्र चंद्र आकाशात. शेवटी आईने डिसेंबरअखेरची कृष्ण चतुर्दशी ठरवली. "चौदा पाऊण साडेदहा. रात्री साडेदहाला भरती पुरी होईल, मग निवांत झोपू," असं ती म्हणाली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, एवढंच. आई मालवणकडची. लहानपणी पाठ केलेली पाऊणकी ती अजून विसरलेली नाही.

कोल्हापुरातून फोंडा घाटाने उतरून आम्ही तोंडवळीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तोंडवळी-तळाशीलचा हा पट्टा म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची लांब जीभ. सुरूचं बन आहे, वस्ती विरळ आहे. बनाजवळच्या एका घरी विचारून आम्ही पाण्याची आणि आंघोळीची सोय करून घेतली. गावात विचारल्याशिवाय किनाऱ्यावर तंबू टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. किनारा त्यांच्या रोजच्या कामाची जागा आहे.

वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ मागच्या भरतीची खूण असते. नवरा त्या रेघेच्या जरासाच वर जागा बघत होता, तेवढ्यात जाळं सुकत घालणारे एक काका आईला म्हणाले, "काकी, हयसर नको. उद्या आवस. पाणी हयपर्यंत येतला." मग आम्ही मर्यादवेल पसरली होती तिथपर्यंत वर सरकलो. जिथे ही वेल जोमाने वाढते, तिथे रोजची भरती पोचत नाही. वेलीवर मात्र तंबू टाकला नाही, कारण वाळू धरून ठेवायचं काम तीच करते. नारळाखालची आणि वाळक्या सुरूखालची जागाही टाळली.

तंबूसोबत आलेल्या लोखंडी खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत, वारा सुटला की सरळ उपटून येतात. आम्ही कापडी पिशव्या वाळूने भरल्या, त्यांना दोऱ्या बांधल्या आणि हातभर खोल पुरल्या. मुलांना हे काम इतकं आवडलं की गरजेपेक्षा जास्त खड्डे झाले. दार उत्तरेकडे ठेवलं. संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री उशिरा जमिनीवरून मतलई सुटतो. दोन्ही आडवे गेले तर आत हवा खेळती राहते. खिडक्या बंद करून झोपलं, तर श्वासाच्या वाफेने पहाटे आतून पाणी गळतं.

जेवण भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. शेकोटी केली नाही, दिवेही विझवले. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. उजेड आणि गोंगाट असला की मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. एका रात्रीच्या मौजेसाठी एवढं सांभाळायलाच हवं.

उजेड गेला आणि आकाश खाली आलं. मृग, व्याध, आणि दक्षिणेला अगस्ती. पण मुलं वर बघेनात. लाट फुटली की तिच्या कडेला निळसर प्रकाश चमकत होता. ओल्या वाळूवर पाय घासला की ठिणग्या उठायच्या. पाण्यातल्या नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवांना धक्का लागला की ते असे उजळतात. मी हे सांगितलं, पण धाकटीला ते ऐकायचं नव्हतं. ती नुसती उड्या मारत होती. पाणी मात्र घोट्याच्या वर येऊ दिलं नाही. रात्री समुद्रात उतरायचं नाही, हा आईचा नियम होता आणि त्यावर वाद नव्हता.

थोरल्याने मोठा शिंपला खोचून पाण्याची हद्द आखली होती. सव्वादहाच्या सुमाराला लाट शिंपल्याला लागली, दोन-चारदा ओलांडून गेली, मग पाणी हळूहळू मागे हटू लागलं. "आजी, पंधरा मिनिटं आधीच!" तो ओरडला. आईला विलक्षण आनंद झाला. नातवाला पाऊणकी शिकवायची तिची फार दिवसांची इच्छा होती, ती तिने तिथेच सुरू केली.

पहाटे ओहोटीने किनारा केवढा तरी रुंद झाला होता. होडीने अर्धवर्तुळात सोडलेली रापण दोन्ही टोकांनी ओढायचं काम चालू होतं. दोर धरायला कोणालाच मज्जाव नसतो, म्हणून आम्हीही लागलो. ओला दोर तळहात सोलतो आणि जाळं तसूतसूनेच सरकतं. तासाभराने बांगडे, तारल्या आणि बरीच बारीक मासळी वर आली. पूर्वी याच्या कितीतरी पट मासळी लागायची, असं रापणकर सांगत होते. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी मोठ्या यांत्रिक बोटींची धास्ती त्यांच्या बोलण्यात कायम होती. हातांनी ओढायच्या या जाळ्यावर अनेक घरं चालतात. ती चालत राहावीत, असं ते ऐकताना फार वाटलं.

ओढणाऱ्याला वाटा मिळतो. मुलांच्या हातात बांगडे पडले, ते त्यांनी धावत त्या बनाजवळच्या घरी नेऊन दिले. तिथल्या काकींनी तिरफळं ठेचली आणि तंबू गुंडाळून होईपर्यंत तिखलं तयार झालं होतं.