बर्फापर्यंत पोचणारी नळी

आइस मेकर असलेल्या फ्रिजला पाणी मिळते ते पाव इंची नळीतून. फ्रिजच्या पाठीमागचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह काही सेकंदच उघडतो आणि तेवढ्यात साचा भरावा लागतो. म्हणूनच इथे खरा प्रश्न दाबाचा असतो. उत्पादक साधारणपणे किमान 20 ते 30 पीएसआय दाब मागतात. गच्चीवरच्या टाकीच्या 10 मीटर खाली मात्र जेमतेम 14 पीएसआय मिळतो. वरच्या मजल्यावर त्याहूनही कमी. दाब अपुरा असला की खडे लहान, पोकळ होतात आणि व्हॉल्व्ह नीट न मिटल्याने थेंब झिरपत राहतात. अशा घरात छोटा प्रेशर पंप बसवणेच शहाणपणाचे.

जोडणी थंड, पिण्यायोग्य पाण्याच्या लाइनवरच घ्यावी आणि तिथे स्वतंत्र, सहज हाताला येणारा कॉक ठेवावा. नळी धारदार पात्याने अगदी सरळ कापावी. तिरक्या कापाची नळी पुश-फिटमध्ये घट्ट बसल्यासारखी वाटते, पण रात्रीतून ओट्याखाली ओल धरते. टेफ्लॉन टेप फक्त आट्यांवर गुंडाळावी. फ्रिज पुढे ओढता यावा म्हणून मागे नळीचे सैल वेटोळे सोडावे.

फ्रिजला जोडण्याआधी नळीतून दोन-तीन लिटर पाणी बादलीत सोडावे. जोडणीनंतर प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवून पाहावा, ओल लगेच कळते. पहिल्या दिवसाचा बर्फ वापरू नये, टाकून द्यावा.