वाटेवरची पोच

'पोच' हा मराठीतला मोठा मौजेचा शब्द आहे. पत्र हाती पडले की आपण त्याची पोच देतो. आणि चारचौघांत कसे वागावे हे ज्याला उमगत नाही, त्याला 'पोच नाही' असे म्हणून मोकळे होतो. मिळाल्याची कबुली आणि वागण्यातली समज, या दोन निराळ्या गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात का बरे घातल्या असतील? मुलांनी हा प्रश्न विचारला की मी कोश उघडत असे. यंदा जूनच्या आरंभी, महाविद्यालय उघडण्यापूर्वी, त्याचे उत्तर मला मनाली-लेह रस्त्यावर मिळाले. तेही भाच्याच्या बुलेटवर मागे बसून, गुडघे आखडलेले असताना.

हा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. २०२० साली अटल बोगदा खुला झाला, तेव्हापासून रोहतांगची चढण टळली. नऊ किलोमीटरांचा तो बोगदा ओलांडला की लाहौलचे खोरे लागते. तांदीपाशी चंद्रा आणि भागा या नद्या एकमेकींना भेटतात. पुढे केलांग, जिस्पा, दारचा अशी गावे मागे पडत जातात आणि मग गाव म्हणावे असे काही उरतच नाही. उरतात त्या खिंडी: बारालाचा, नकी ला, लाचुंग ला आणि सतरा हजार फुटांहून उंच अशी तांगलांग ला.

मनालीच्या बाजारात मोटारसायकलींची दाटी झाली होती, पण कोणी कोणाकडे ढुंकून पाहत नव्हते. केलांग सोडल्यावर मात्र समोरून येणाऱ्या पहिल्याच स्वाराने डावा हात उंचावला. मागे वळून पाहावे तर आमच्याखेरीज रस्त्यावर कोणीच नाही. म्हणजे हा नमस्कार आम्हांलाच!

"मामा, हात तुम्हीच वर करा," भाचा ओरडला. "माझे दोन्ही हात कामात आहेत."

तेव्हापासून नमस्कारखाते माझ्याकडे आले. मागे बसणाऱ्याला दुसरा उद्योगही नसतो. वस्ती जितकी विरळ होत गेली, तितके हे हात अधिक अगत्याने उंचावू लागले.

डावाच हात का, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. उजव्या मुठीत गाडीचा वेग असतो. ती सोडली तर गाडी मंदावते. मोकळा होऊ शकतो तो डावाच. युरोपातल्या बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे तिथे डावा हात समोरच्या स्वाराच्या बाजूला येतो आणि दोन बोटे खाली सोडून सहज नमस्कार होतो. इंग्लंडात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. डावा हात पडतो रस्त्याच्या कडेला. म्हणून तिथले स्वार नुसती मान हलवतात. फ्रान्समध्ये तर मोटारवाल्याने बाजूला होऊन वाट दिली की मोटारसायकलवाला उजवा पाय लांब करून त्याचे आभार मानतो. आपल्याकडे कोणी पाय पुढे केला तर भलताच अर्थ व्हायचा! आपल्या या पहाडी रस्त्यावर मात्र सारेच चालते: हात, मान, अंगठा, दिव्याची उघडझाप. लडाखी माणसाचे 'जुले' तर याहून सोयीचे. भेटताना जुले, निरोप घेताना जुले आणि आभारालाही जुलेच.

या शिष्टाचाराला मर्यादाही आहेत. वळणावर नमस्कार करायचा नाही. रस्त्यावरून ओढा वाहत असेल, तर त्यात शिरलेल्या स्वाराकडून उत्तराची अपेक्षा धरायची नाही. आपल्या नमस्काराला उत्तर आले नाही तर राग मानायचा नाही. त्याचे हात गुंतलेले असतील. पण रस्त्याकडेला कोणी थांबलेला दिसला, तर वेग कमी करून अंगठ्याने 'ठीक ना?' असे विचारल्यावाचून पुढे जायचे नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि तो मोडलेला मी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. हेल्मेटखाली माणसाचे सगळेच झाकले जाते. आडनाव, वय, हुद्दा, पगार, काही म्हणजे काही कळत नाही. आपण मराठी माणसे ओळख होताच 'मूळचे कुठले?' म्हणून विचारणारी. इथे तो प्रश्नच उद्भवत नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हाही कोणी कोणाला नावगाव विचारत नाही. वाट एक आहे, एवढी ओळख तिथे पुरते.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स लागतात. एकाच डोंगराला एकवीस विळखे. तिथल्या एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. अशी कथा सांगतात, की फार वर्षांपूर्वी इथे एक मालट्रक बंद पडला. चालक मदत आणायला गेला, क्लीनर राखणीला राहिला. बर्फ पडले, रस्ता बंद झाला आणि तो बिचारा पाणी पाणी करीत तिथेच संपला. येणारेजाणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. भाच्यानेही एक बाटली ठेवली. ज्याच्यापर्यंत कोणी वेळेवर पोचले नाही, त्याला ही उशिरा दिलेली पोचच नव्हे काय?

लाचुंग ला उतरताना समोरच्या स्वाराने नेहमीसारखा हात उंचावला नाही. पंजा पालथा धरून तो खालीवर हलवला: सावकाश! आम्ही वेग कमी केला. वळणापलीकडे एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्याशेजारी एक तरुण दगडाला टेकून बसला होता. ओठ निळसर, डोके दोन्ही हातांत धरलेले, बोलणे अडखळणारे. एवढ्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम निम्मा असतो. विरळ हवा बाधली की एकच खरा उपाय, तो म्हणजे तातडीने खाली उतरणे. पण त्याला गाडी धरवत नव्हती आणि तो एकटा होता.

आमच्यामागून दोन गाड्या आल्या, थांबल्या. कोणी कोणाला नाव विचारले नाही. एका स्वाराने आपल्या पाठीशी त्याला बसवून उपरण्याने स्वतःच्या कमरेला बांधून घेतले. दुसऱ्याच्या मागे बसलेला त्याची गाडी घेऊन निघाला. आम्ही त्याची पिशवी मांडीवर घेऊन मागोमाग गेलो. खाली पांगला लष्कराची छावणी आहे. तिथे त्याला प्राणवायू मिळाला. तासाभराने ओठांचा रंग पालटला, तेव्हा आम्ही सगळे चहा प्यायलो आणि आपापल्या वाटेला लागलो. त्याचे नाव मला अजून ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी मोरेच्या विस्तीर्ण पठारावरून जाताना, समोरच्या प्रत्येक स्वाराला मी हात उंचावला. पण आता तो केवळ सौजन्याचा हात राहिला नव्हता. 'मी तुला पाहिले आहे, पुढच्या वळणावर तू पडलास तर तुला पाहणारा कोणीतरी असेल' असे त्या हाताचे म्हणणे असते, हे मला कळले होते.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दर शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. अपघातानंतर मोटारवाल्याच्या तोंडी पुष्कळदा एकच वाक्य येते: 'मला तो दिसलाच नाही.' न दिसणे हेच दुचाकीस्वाराचे मोठे संकट. शहरात लाखो गाड्यांत कोण कोणाला हात करणार, हे खरे. पण आपल्या एसटीचे चालक घाटात एकमेकांना भेटले की आजही हात उंचावतात. चौकात समोरच्या स्वाराशी क्षणभर नजरानजर करून, मान किंचित लववून त्याला वाट द्यायला आपले काय जाते?

समोरचा माणूस आपल्याला दिसला, याची कबुली देणे हीच वागण्यातली पहिली समज. भाषेने दोन्हींना एकच शब्द दिला आहे, तो उगीच नव्हे.