कावळ्याला विचारण्याआधी

बावधन गावात फ्लेक्सची जागा ठरलेली आहे. वाढदिवसाचा उतरला की त्याच बांबूंवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा चढतो. फेटा बांधलेला फोटो, खाली 'शोकाकुल समस्त ग्रामस्थ' आणि दशक्रियेची वेळ. पलीकडच्या उंच सोसायट्यांत कुणी गेलं तर लिफ्टशेजारी एक पांढरा कागद लागतो. व्हॉट्सॲपवर जोडलेल्या हातांची रांग लागते आणि लगेच खाली पाण्याच्या टँकरची चौकशी. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. या एका बाबतीत मात्र वेस अजून जागेवर आहे.

बावधनसारख्या मुळशीतल्या गावातली दशक्रिया बघून शहरी माणसाला आधी हसूच येतं. मांडव, माईक, सकाळी सकाळी प्रवचन आणि मग पुढाऱ्यांची भाषणं. येत्या निवडणुकीचा वासही असतो त्यात, खोटं कशाला बोला. पण तासभर गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतलं जातं. त्याची कुस्ती, त्याची भातखाचरं, त्याचा तापट स्वभावसुद्धा. रडणाऱ्याला कुणी आत नेत नाही. प्रवचनकार बोलता बोलता आळंदीला जाऊन येतात. इसवी सन १२९६, ज्ञानदेवांची समाधी, निरोपाला जमलेली संतमंडळी आणि तो सोहळा अभंगांत मांडणारे नामदेव. जाणारा समोर असताना दिलेला निरोप तो. ऐकणारे माना डोलावतात.

मग पिंड मांडला जातो. कावळे झाडावर बसलेले असतात, खाली उतरत नाहीत. मंडळी लांब सरकतात. थोरला हात जोडून म्हणतो, ''तात्या, धाकटीचं लग्न आम्ही लावून देतो.'' कावळा हलत नाही. ''वावर विकणार नाही.'' तरी नाही. मागून कुणीतरी सुचवतं, ''म्हातारीचं बोला.'' ''आईला अंतर देणार नाही, तात्या.'' कधी तेवढ्यावर झडप पडते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कधी दर्भाचा कावळा करून शिववावं लागतं.

मी कावळा मानत नाही. पण चारचौघांत दिलेलं ते वचन मला खरं वाटतं. उद्या आईला कुणी घराबाहेर काढलं तर गाव बोट दाखवेल. खटकतं ते वेगळंच. तात्यांच्या मनात काय होतं याचा अंदाज आता चाललाय. तात्या खाटेवर होते, बोलत होते, चहा मागत होते, तेव्हा त्यांना विचारायला कुणाची जीभ उचलली नाही. विचारलं असतं तर ''शुभ बोला'' म्हणून कुणीतरी दामटलं असतं. सोसायटीत तर कावळाही विचारायला नाही. तिथे हा प्रश्न आयसीयूच्या दाराशी डॉक्टर विचारतात, तोही रात्री, सहीचा कागद पुढे करून.

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांना जाऊ द्यावं म्हणणारे आणि त्यांची सेवा करणारे, दोघेही त्यांच्याच वतीने बोलत होते. त्यांना स्वतःला काय हवं होतं, ते कळण्याचा मार्गच उरला नव्हता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची गरज संपली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

बावधनमध्येच राहणाऱ्या माझ्या मावशीने हे वर्तमानपत्रात वाचलं आणि मला कागद आणायला लावले. आमच्या आजीच्या देवघरात गंगेचा सीलबंद गडू असायचा. तो कशासाठी आहे हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. मावशीच्या मुलाला मात्र फोनवर कागदाचं नाव काढताच राग आला. ''आई, तुला काय झालंय? हे आत्ता कशाला?'' ती म्हणाली, ''झाल्यावर कशी सांगू?''

साक्षीदार मिळवतानाही गंमत झाली. शेजारचे जोशीकाका पेन उघडून बसले, मग म्हणाले, आज अमावास्या आहे, उद्या करू. मावशीने चहा टाकला आणि तेवढ्यात त्यांच्याकडून सही घेतली.

व्हेंटिलेटर नको, नळी नको, हे तिने भराभर सांगितलं. भीती निघाली ती दुखण्याची. तिच्या आईचे शेवटचे दिवस तिने पाहिले होते, आणि ते ती मला पहिल्यांदाच सांगत होती. मी तिला वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरबद्दल सांगितलं. चांदणी चौकातून हायवेला लागलं की फार लांब नाही. १९९७ पासून तिथे कॅन्सरच्या रुग्णांची वेदना कमी करण्याचं काम मोफत चालतं, आणि घरच्यांशी बोलणं हाही त्या उपचाराचाच भाग. हॉस्पिटल म्हणजे बरं करणं, एवढंच तिला ठाऊक होतं. बरं होणार नसलेल्या माणसासाठीही डॉक्टर असतात याचं तिला नवल वाटलं.

रात्री मुलाचा फोन पुन्हा आला. आवाज उतरलेला होता. ''आई, समजा तुला बोलता येत नसलं, तर दुखतंय हे आम्हाला कळणार कसं?''

मावशीने फोन स्पीकरवर टाकला, मला वही घ्यायला सांगितली आणि म्हणाली, ''हे बघ, माझं दुखलं की मी आधी कपाळाला आठ्या घालते. तुझ्या वडिलांना विचारलं असतंस तर त्यांनी सांगितलं असतं. आता लिहून घे.''