अंगण खरंच वाकडं होतं

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, आणि मग नेहमीचा आळस. पण परवा धाकट्या नातीचा फोन आला आणि विषय आपोआप मिळाला.

तिने विरारला नवीन घर घेतलंय. पडद्यांचे रॉड, नळ, कपाटांची बिजागरं, रोज काहीतरी निघतंच. म्हणाली, "आजोबा, ऑनलाइन एक टूलकिट बघितलंय. एकशे आठ नग, वर पेटी फुकट. किंमत ऐकाल तर चाट पडाल!"

मी चाट पडलो नाही, घाबरलो. म्हटलं, "मागवू नकोस. रविवारी वसईला ये, आपण दोघं पापडीला जाऊ."

का घाबरलो ते सांगतो. नातेवाइकांना माझी डाव्या हाताची वाकडी करंगळी माहीत आहे, तिची गोष्ट मात्र मी नेहमी हसण्यावारी नेली.

जुलै २०१८ चा पाऊस वसईकर विसरणार नाहीत. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद, वीज गेलेली. आमच्या जिन्याच्या तीन पायऱ्या पाण्याखाली. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढंच सगळ्या बिल्डिंगचं पाणी. नेमका त्याच दुपारी टाकीखालचा पाइपाचा जोड सुटला. चहूकडे पाणीच पाणी आणि पिण्याचं पाणी डोळ्यांदेखत गच्चीवर वाहून चाललेलं! जोडाच्या वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, तर त्याचं चाक केव्हाच मोडलेलं, नुसता दांडा उरलेला. तो फिरवायला पाना हवा.

पाना होता की माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात घेतलेल्या चकचकीत संचातला. लावला, जोर दिला, आणि त्याचा जबडा फाकला. पाना सटकला, हात कठड्यावर आपटला. करंगळीचं हाड मोडलं ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की व्हॉल्व्हच्या दांड्याचे कोपरेही झिजलेत.

तेवढ्यात ही वर आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माळ्यावरचा जुना पाना. "अहो, हा का नाही घेतलात?" एवढंच म्हणाली, आणि मला बाजूला करून तिनेच तो लावला. उरलेल्या कोपऱ्यांवर पाना घट्ट बसला. व्हॉल्व्ह कुरकुरत बंद झाला. टाकीत तिसरा हिस्सा पाणी राहिलं होतं. वीज येईपर्यंत त्यावर सगळ्या बिल्डिंगचा चहा झाला.

तो जुना पाना आम्ही १९८२ साली नागदेवी स्ट्रीटवरून आणला होता. मरीन लाइन्सला उतरून लोहार चाळीतून चालत गेलो होतो. शिक्षकाचा पगार, मी अर्थातच स्वस्तातला उचलला. हिने दुकानदाराला विचारलं, "आणि तुमच्या घरी कुठला आहे?" त्याने हसून दुसरा काढून दिला. "भांडं आणि हत्यार एकदाच घ्यायचं," हे हिचं म्हणणं. २०२१ साली ती गेली. पाना आहे.

वर्गात मी पस्तीस वर्षं 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण शिकवली. वाक्यात उपयोग करा म्हणून मुलांना पिडलं. त्या दिवशी मात्र अंगण खरंच वाकडं होतं. आणि खोटं कशाला बोलू, ते अंगण मीच पैसे मोजून आणलं होतं.

असो. रविवारी नात आली. दुकानात जाण्याआधी यादी केली. आठच वस्तू: पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, फिरकीचा पाना, हातोडी, टेप, टेस्टर, हॅक्सॉ. तिचा चेहरा पडला. एकशे आठ कुठे आणि आठ कुठे! मी म्हटलं, जपाची माळ घ्यायची नाहीये आपल्याला.

दुकानात मी स्टुलावर बसलो आणि तिला एकेक पाहायला लावलं. आठ इंची पक्कड मिटून उजेडाकडे धरायची. तार कापायच्या धारांमधून उजेड दिसला तर परत. सांधा सहज उघडावा, पण आडवा हलू नये. मुठीवरचं प्लास्टिक ओढून सरकतं का ते बघायचं. आणि ते प्लास्टिक आहे म्हणून चालू विजेला हात लावायचा नाही. विजेच्या कामाच्या खास हत्यारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. तरीही आधी मेन स्विच बंद. टेस्टरसुद्धा आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो ना ते बघायचं, मग संशयाच्या जागी. नाहीतर बिघडलेला टेस्टर 'वीज नाही' म्हणून खुशाल खोटं बोलतो.

चौफुलीच्या स्क्रूला आपण फिलिप्स म्हणतो, ते हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसाचं नाव. १९३० च्या दशकात त्याने तो प्रचारात आणला. त्याचे नंबर असतात आणि घरात बहुतेक ठिकाणी दोन नंबर लागतो. एक नंबरने दोन नंबरचा स्क्रू पिळला की खाच गुळगुळीत, मग देवही तो काढू शकत नाही. म्हणून दुकानातच एक स्क्रू मागून टोक खाचेत नीट बसतं का ते पाहायचं.

टेपचा पुढचा आकडा किंचित हलतो. नातीने तो सैल म्हणून बाजूला ठेवला. तो मुद्दाम तसा असतो. आतून माप घेताना आकड्याची जाडी धरावी लागते, बाहेरून घेताना वगळावी लागते. तेवढंच तो सरकतो. हे मलाही साठीनंतर कळलं.

पान्याला वेळ लागला. जबडा थोडा उघडून हलवून बघायचा. फार डुगडुगला तर नको. लावताना जोर न हलणाऱ्या जबड्यावर यावा अशा बाजूने ओढायचं, कारण हलणारा जबडा नाजूक. माझी चूक त्या दिवशी तीही होती, हे आता कबूल करतो. चांगली हत्यारं तापलेलं पोलाद साच्यात घणाने ठोकून घडवतात. स्वस्त मालात पुष्कळदा नुसतं ओतकाम असतं, वर चकाकी. 'क्रोम व्हॅनेडियम' असा शिक्का तर कोणीही मारतो, त्यामुळे शिक्क्यापेक्षा हाताला विचारावं.

नातीने टपारियाची पक्कड आणि पाना घेतला. कारखाना आपल्या नाशिकला, सातपूरला. स्वीडनच्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ साली त्यांनी हत्यारं करायला सुरुवात केली. दुकानदाराने जालंधर आणि नागौरचा मालही दाखवला. ती दोन्ही गावं या धंद्यात जुनी आहेत, आणि त्यातली हातोडी आम्हाला पसंत पडली. तिचा दांडा लाकडी. उन्हाळ्यात सुकून सैल झाला तर पाचर ठोकायची, हेही नातीला सांगितलं.

घरी येऊन सगळ्यांना मशीनच्या तेलाचं बोट लावलं. आपली हवा खारी, एका पावसाळ्यात लोखंड तांबडं होतं. तेल लावताना माझा हात थरथरत होता. तिने काही न बोलता फडकं माझ्या हातातून घेतलं.

मग जुन्या पान्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, हा मला द्याल?"

खरं तर द्यायला हवा होता. माझ्या हातून आता कुठला व्हॉल्व्ह फिरणार आहे? पण तोंडून निघालं, "खंडेनवमीला पूजेत लागतो गं."

ती हसली. तिला कळलं असावं. जाताना तिने त्यालाही तेल लावलं आणि परत माळ्यावर न ठेवता माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.