अब्बांची सही

आमच्याकडे बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, गोल्फ खेळला जायचा. हे वाचून आम्ही मोठ्या बंगल्यात राहत होतो असं कुणाला वाटेल. आमचं घर चेंबूरच्या एका वस्तीत होतं. दहा बाय बाराची एक खोली, वर पत्रा आणि दाराशी गटार. पण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ साली सुरू झालेला. माझे अब्बा त्या क्लबात कॅडी होते.

कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी उचलणारा माणूस, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या असतात. छत्री, चेंडू, पाणी धरून तिचं वजन सहज बारा-तेरा किलो भरतं. ती खांद्यावर घेऊन अठरा होलचा खेळ पुरा करायचा म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल. अब्बा पहाटे फजरची नमाज पढून निघायचे. दोन फेऱ्या मिळाल्या तर त्या दिवशी घरात मटण यायचं. पावसाळ्यात खेळ बंद राहिला, की अम्मी डाळीत पाणी वाढवायची.

अब्बा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून अठराव्या वर्षी मुंबईला आले. शिक्षण चौथीपर्यंतचं. घरात ते फार कमी बोलत. खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ पडला होता. अम्मी रात्री त्यावर कोमट तेल चोळायची. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांच्या खांद्याला असा वळ असतो.

आमच्या वस्तीत बरेच जण कॅडी होते. त्यामुळे इतर गल्ल्यांत क्रिकेट चालायचं, तसा आमच्या गल्लीत गोल्फही चालायचा. बांधकामावरची लोखंडी सळई आणायची, टोक तापवून वाकवायचं, ठोकून चपटं करायचं आणि मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. झाली काठी तयार! चेंडू प्लास्टिकचा, कारण खरा चेंडू दगडासारखा कठीण असतो आणि कुणाच्या कपाळावर बसला तर भांडण ठरलेलं. होल म्हणजे जमिनीत पुरलेला डालडाचा डबा.

नियम मुलांनीच ठरवले होते. चेंडू गटारात गेला तर एक फटका दंड. पत्र्यावर गेला तर पुन्हा मागून मारायचं. कुणाच्या घरात शिरला, तर जिथे पडला तिथूनच बाहेर काढायचा. एकदा भाईचा चेंडू शेजारच्या खालांच्या चुलीजवळ जाऊन बसला. खालांनी आधी सळई हिसकावून घेतली. मग त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "मार आता, पण माझं पातेलं सांभाळून." चेंडू पातेल्याला टणकन आपटून दाराबाहेर आला, आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती.

बासी ईदचा सामना मोठा असायचा. भाईचे सगळे दोस्त यायचे. त्यांत शेजारची हिंदू मुलंही असायची आणि आदल्या दिवशीचा शीरखुर्मा त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असायचा. जिंकणाऱ्याला पातेल्यातला शेवटचा वाडगा मिळायचा. मुलींना खेळायला घेत नसत, पण माझं गणित चांगलं होतं म्हणून फटके लिहायचं काम माझ्याकडे असे. वहीच्या मागच्या पानावर नावं घालून मी ओट्यावर बसायची.

अशाच एका सामन्यात भाईने गटाराचा दंड लपवला. मी पाहिलं होतं. तो माझ्याकडे बघून डोळे वटारत होता, म्हणून मी चार लिहिले. खरे पाच होते. भाई एका फटक्याने जिंकला आणि वाडगा उचलणार, तोच अब्बा दारातून म्हणाले, "किती झाले?"

"चार," भाई म्हणाला.

अब्बा माझ्याकडे वळले. "तू लिहिलेस ना? किती झाले?"

मी रडायला लागले. अब्बा रागावले नाहीत. ओट्यावर माझ्याशेजारी बसून म्हणाले, "क्रिकेटमध्ये पंच असतो. या खेळात आपले फटके आपणच मोजायचे असतात. साहेब झाडीत एकटा असतो, कुणी बघत नसतं. तरी बाहेर आल्यावर तो म्हणतो, माझे सात झाले. असे साहेबही मी बघितलेत आणि सातचे पाच करणारेही बघितलेत. शेवटी कार्डावर सही करायची असते. कमी आकडा लिहून सही केली, की माणूस खेळातून बाद."

त्या वर्षी शेवटचा वाडगा दुसऱ्याला गेला.

अब्बांचं काम मी प्रत्यक्ष पाहिलं ते एकदाच. मी दहा-अकरा वर्षांची असेन. अब्बा डबा विसरून गेले होते, तो घेऊन अम्मीने मला पाठवलं. कुंपणाच्या जाळीतून लांबवर कापलेली हिरवळ दिसत होती. एक उंच साहेब काठी घेऊन उभे होते आणि अब्बा चेंडूमागे उकिडवे बसून जमिनीकडे बघत होते. मग उठून ते पलीकडे गेले आणि तिथून बघितलं. तेवढा वेळ साहेब काही न करता थांबले होते. अब्बांनी बोटाने एक जागा दाखवली. साहेबांनी त्या जागेकडे चेंडू हलकेच ढकलला. तो सरळ जाता जाता वळला आणि होलमध्ये पडला. साहेबांनी अब्बांच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं तो वळणार?"

त्या दिवशी अब्बा जितकं बोलले तितकं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "गवत बघायचं," ते म्हणाले. "आपल्याकडून पाहिल्यावर चमकत असेल, तर त्याची पाती पलीकडे झुकलेली असतात. चेंडू पळतो. काळपट दिसलं, तर पाती आपल्याकडे आहेत. चेंडू अडतो, जोर जास्त लावायचा. उतार डोळ्यांपेक्षा पायांना आधी कळतो." पुढे म्हणाले, "नियमच असा आहे, एकट्या खेळणाऱ्याने सल्ला विचारायचा तर फक्त आपल्या कॅडीला. दुसऱ्या कुणाला विचारलं तर दंड."

१९९१ साली अली शेर यांनी इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्यांची सुरुवात कॅडी म्हणून झाली होती. अब्बांनी क्लबातून वर्तमानपत्राचं पान मागून आणलं आणि त्यातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. गल्लीतली सगळी मुलं पुढचे सहा महिने अली शेर झाली होती. १९९३ मध्ये त्यांनी तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. अब्बा फक्त म्हणाले, "पिशवी उचलणाऱ्यालाही खेळ कळतो, हे आता लोकांना कळलं."

आता मला जे लिहायचं आहे, ते सांगायला इतकी वर्षं लागली. दहावीच्या वर्षी शाळेत एक फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय, असा त्यात रकाना होता. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील बँकेत होते, पुढच्या बाकावरचीचे रेल्वेत. मी लिहिलं, 'नोकरी, खाजगी कंपनी'. घरी जाऊन फॉर्म अब्बांसमोर ठेवला. अब्बा हळूहळू, ओठ हलवत वाचत. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मी श्वास रोखून उभी होते. काही न बोलता त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन पनवेलला आले. सासरी, नोकरीत, कुणी विचारलं की 'अब्बा क्लबात होते' एवढंच सांगायची. ऐकणाऱ्याने मॅनेजर समजायचं की आणखी काही, ते त्याच्यावर सोडायची. खोटं बोलत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

अम्मी गेल्यावर अब्बा आमच्याकडे राहायला आले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोला ऑलिम्पिक चालू होतं. बेंगळुरूची अदिती अशोक, वय तेवीस, जागतिक क्रमवारीत दोनशेवी, तीन दिवसांच्या खेळानंतर दुसऱ्या स्थानावर होती. सात ऑगस्टला शनिवार होता. अब्बा फजरनंतर झोपलेच नाहीत. चष्मा लावून टीव्हीसमोर बसले. माझा मुलगाही डोळे चोळत येऊन त्यांच्याशेजारी बसला.

अदितीच्या शेजारी पिशवी घेऊन एक मध्यमवयीन बाई चालत होत्या. अब्बांनी विचारलं, "ही कोण?" निवेदकाने तेवढ्यात सांगितलं, अदितीची आई. २०१६ ला रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तिच्या वडिलांनी पिशवी उचलली होती, या वेळी आईने.

अब्बा खुर्चीत पुढे सरकले. "आई कॅडी आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग नातवाला म्हणाले, "बघ, साऱ्या दुनियेसमोर आईने पिशवी उचललीय."

त्यानंतर ते खेळापेक्षा त्या आईलाच जास्त बघत होते. पिशवी खाली कशी ठेवते, मुलगी फटका मारताना कुठे उभी राहते. "सावली पडू देत नाही बघ. शिकलेली आहे," असं मधूनच म्हणत. वादळामुळे खेळ थांबला, तेव्हाही ते जागचे उठले नाहीत. चहा तिथेच मागवला. शेवटच्या होलवर अदितीचा लांबचा फटका थोडक्यात हुकला. एका फटक्याने कांस्यपदक गेलं, चौथा क्रमांक आला. माझा मुलगा हिरमुसला. अब्बा म्हणाले, "एक फटका. आयुष्यभर आठवेल तिला. पण मोजला तिने, लपवला नाही."

मुलगा उठून गेल्यावर मी टीव्हीचा आवाज कमी केला. का कोण जाणे, त्याच वेळी तोंडातून निघून गेलं, "अब्बा, दहावीच्या फॉर्मवर मी तुमचं काम खोटं लिहिलं होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "सही माझीच आहे ना त्यावर."

"मग बोलला का नाहीत?"

अब्बा थोडं हसले. "चुकीच्या कार्डावर सही केली की बाद. तुझ्याबरोबर मीपण बाद झालो." मग बराच वेळ गप्प राहिले. टीव्हीवर जाहिरात चालली होती. तिकडे बघतच म्हणाले, "खरं सांगू, बेटा? ते वाचून मला बरं वाटलं होतं. वाटलं, पोरगी हुशार आहे, पुढे जाईल. तुझी चूक एवढीशी होती. तू तर पोर होतीस. मला बरं वाटलं, ही चूक मोठी."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काळा वळ तिथेच होता.

पुढच्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. मृत्यूची नोंद करायला भाई आणि मी गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनाने एकेक रकाना विचारला. नाव, वय, पत्ता. मग व्यवसाय. भाई म्हणाला, "लिहा, निवृत्त."

मी म्हटलं, "नाही. कॅडी लिहा. गोल्फ कॅडी."

कारकुनाने मान वर करून विचारलं, "म्हणजे काय?"

मागे रांग होती, तरी मी त्याला सांगितलं. खेळणाऱ्याची पिशवी उचलणारा, गवत वाचणारा, खेळात ज्याला सल्ला विचारता येतो तो. तो म्हणाला, "शब्द कसा लिहू?" मी अक्षरं सांगितली, त्याने लिहिली. नीट वाचून मी खाली सही केली.

भाईकडे अब्बांची एक सळई अजून आहे. मुठीची ट्यूब झिजली होती, ती त्याने नवी बसवली. बासी ईदला आता आम्ही सगळे त्याच्याकडे जमतो, इमारतीच्या आवारात मुलं खेळतात. आता मुलीही खेळतात. फटके लिहायला वही मात्र कुणी घेत नाही. ज्याचे त्याने मोजायचे, असं ठरलंय.