मुंबईची नाटके आणि आमचा मांडव

गोमंतकातील माणसाला नाटकाचे वेड लागते ते देवळाच्या प्रांगणात. नाट्यगृह त्याला पुढे, बहुधा पोटापाण्यासाठी मुंबईस गेल्यावर भेटते. आमचेही तसेच झाले. ग्रामदेवतेच्या उत्सवात पालखी आत गेली की मांडवात पडदा लागे. पात्रे सारी गावचीच. अर्जुनाचा शेला कोणाच्या पेटीतून आला आहे, हेही प्रेक्षकांस ठाऊक असे. तिकीट नसे, आणि पहिला प्रेक्षक गाभाऱ्यात बसला आहे अशी सर्वांची श्रद्धा असे. शहरातील नाटके आम्ही पाहिली ती याच डोळ्यांनी.

गिरगावच्या साहित्य संघात प्रथम गेलो तेव्हा नवल वाटले ते घंटेचे. तिसरी घंटा झाली की पडदा वर! कोणी महाजन यावयाचे राहिले आहेत म्हणून खेळ थांबविण्याची सोय तेथे नाही. ही शिस्त आम्हांस फार आवडली. आमच्या मांडवात ती कधी येईल, देव जाणे.

तेथेच ‘मत्स्यगंधा’ पाहिले. वसंत कानेटकरांचे हे नाटक १९६४ साली गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले. पराशराची पदे साखळीच्या रामदास कामतांच्या तोंडून ऐकताना परक्या शहरात बसलो आहो याचा विसर पडला. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे. मंगेशाच्या अभिषेकाच्या मानावरून ज्या घराण्यास हे आडनाव पडले, त्यातील हे गवई. त्यांनी नाट्यपद आटोपशीर केले. एका पदाच्या ‘वन्स मोअर’पायी सुभद्रा अर्धा तास तिष्ठत राहावी, हे आम्ही लहानपणी पाहिले होते. अभिषेकींच्या पदात कथा थांबत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीस हा काटकसरीचा प्रकार वाटे. आम्हांला तसे वाटले नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकाची गोष्ट निराळी. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दोन घराण्यांचे वैर हाच नाटकाचा विषय केल्यामुळे तेथे गाणे लांबले तरी ते नाटकच असते. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब ज्यांनी पाहिले, त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी २०१० साली ते पुन्हा उभे केले, तेव्हा आमच्या शेजारी बसलेली महाविद्यालयातील मुले तानेगणिक मान डोलवीत होती. संगीत नाटक मेले, असे म्हणणाऱ्यांना त्या रांगेत नेऊन बसवावे.

२०२३ च्या मे महिन्यात वांद्र्याच्या नव्या, दोन हजार आसनांच्या नाट्यगृहात ‘द साउंड ऑफ म्युझिक’ही पाहिले. १९५९ साली न्यूयॉर्कला प्रथम झालेले हे संगीतक. पडदा उघडतो तो मठातील जोगिणींच्या प्रार्थनेने! आम्ही मनात म्हटले, ही तर नांदी. दृश्यामागून दृश्य असे सरकत होते की डोळे दिपले. तथापि प्रत्येक स्वर ध्वनिवर्धकातून सारखाच थोर होऊन येई. गाणाऱ्याने श्वास कोठे घेतला, ते कळेना. आमच्या मांडवात ते शेवटच्या चटईवरही कळते.

हे सारे आज लिहिण्यास एक निमित्त झाले. आमच्या देवस्थानच्या सभेत सूचना आली, की गावच्या मुलांचे उत्सवी नाटक बंद करून त्या रात्री मुंबईची मंडळी आणावी. कारणे खोटी नाहीत. तालमीस मुले जमत नाहीत, ऑर्गन वाजविणारा एकच उरला आहे, आणि लोकांना चांगले पाहावयाची सवय लागली आहे. ती सवय आम्हांसही आहे. मुंबईच्या नाटकांनी आम्हांस जे दिले त्याचे ऋण मोठे आहे.

परंतु ते मुंबईने आणले कोठून? मास्टर दीनानाथ मंगेशीस जन्मले, आणि पुढे १९१८ साली त्यांची बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. गोवा हिंदु असोसिएशन १९१९ साली मुंबईत स्थापिली ती गोवेकरांनीच. देवळांच्या परिसरात ज्यांचे कान तयार झाले, त्यांनी शहराची रंगभूमी सजविली. विहीर बुजवून टाकीचे पाणी प्यावे, तशी ही सूचना आम्हांस वाटते.

म्हणून सभेत आम्ही एवढेच मांडले: मुंबईची मंडळी अवश्य आणावी, त्यांना योग्य बिदागी द्यावी, पण उत्सवाच्या दुसऱ्या रात्री. पालखीची रात्र गावच्या पात्रांची राहू द्यावी. त्यावर एका तरुण महाजनांनी विचारले, “मुलें खंय आसात?” प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्यासह घरोघर हिंडलो. सात नावे मिळाली, त्यांत चार मुलींची. नाटक ‘सौभद्र’ ठरले आहे. कृष्ण अजून मिळावयाचा आहे.