तीन-दोनच्या रांगेतला इतिहास

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना आपण कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. त्या फाटकापर्यंत माणसे कशात बसून आली, हे क्वचितच विचारतो.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीचा सांधा लाकडी होता. पुढे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत लाल गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. टाटा किंवा लेलँडकडून नुसती चासी येई. पत्रा, खिडक्या, आसने सारे इथे चढे. म्हणजे कोणी किती जागेत बसायचे, हे महामंडळच ठरवीत असे. साध्या गाडीत एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. सुमारे अडीच मीटर रुंदीत पाच माणसे, शिवाय मधली वाट! माझी आई चाकणला कामाला जाताना तिघांच्या बाकावर कडेला बसे, एक पाय वाटेत टेकवून.

निमआराम ‘एशियाड’ दोन-दोन आसनांची. १९८२च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत वापरलेल्या गाड्या महामंडळाने घेतल्या आणि स्पर्धेचे नाव गाडीलाच चिकटले. (क्रीडास्पर्धेचे इतके टिकाऊ स्मारक दुसरे नसावे.) तिचे भाडे अधिक; चार बोटे जादा जागेची किंमत तिकिटावरच छापलेली असे. आई ती गाडी जाऊ देई.

२००७ साली पीएमटी व पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. तिच्या बीआरटी गाड्यांना उजवीकडेही दारे आली, उभे राहायला ऐसपैस जागा आली. उभा प्रवासी आता जागा न मिळालेला उरत नाही. आराखड्यातच तो धरलेला असतो.